कायम विनाअनुदानित मदतनीस

अनुदानित शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक तक्ता टांगलेला असतो. मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे. आमच्या शाळेत यातला तिसरा रकाना इतका फुगला, की तक्ता नव्याने आखून घ्यावा लागला. ग्रंथपाल अर्धवेळ आहेत आणि उरलेल्या अर्ध्या वेळात ते दुसऱ्या शाळेत अर्धवेळ आहेत. शिपाईमामा निवृत्त झाले. त्यांचं स्टूल तेवढं सेवेत आहे. ऑफिसात अण्णा एकटेच, आणि प्रयोगशाळा परिचर कोणी पाहिल्याचं जुनी मंडळीसुद्धा सांगत नाहीत. तक्ता वाचून एखादा म्हणेल, ही शाळा दिवाळीपर्यंत टिकत नाही. पण घंटा वेळेवर होते, हजेरीपट वर्गात पोचतात, फळ्यावर तारीख, वार, पट आणि सुविचार उमटतात, परीक्षानळ्या धुऊन पालथ्या पडतात. हे सगळं करणाऱ्यांचं नाव तक्त्यावर कुठेच नाही. ते आठवी ते दहावीत शिकतात. निदान हजेरीपटावर तरी तसं लिहिलेलं आहे.

आपल्या राज्यात 'कायम विनाअनुदानित' शाळा असत. २००९ साली सरकारने त्यातला 'कायम' काढून टाकला आणि त्या शाळांना आशा लावली. आमच्या या मदतनिसांचा 'कायम' मात्र अजून कोणी काढलेला नाही, आणि गंमत म्हणजे त्यासाठी त्यांचा एकदाही मोर्चा निघालेला नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी एवढी आनंदी फौज दुसऱ्या कुठल्या खात्यात सापडायची नाही. या आनंदाचं मूळ कशात आहे, ते खडू खात्यापासून बघायला लागलं की हळूहळू कळतं.

मी मराठी आणि इतिहास शिकवते. "पानिपतच्या पराभवाची कारणं कोण सांगेल?" असं विचारलं की सगळ्या माना वह्यांत जातात. कोणाचं पेन खाली पडतं, कोणाला बुटाची नाडी आठवते. त्याच वर्गात "ऑफिसातून खडू कोण आणेल?" म्हणून बघा. निम्मे हात वर, आणि दोघंतिघं तर उत्तराची वाट न पाहता दाराशी पोचलेले. पानिपतावर इतक्या तातडीने कुमक आली असती, तर कारणं पाठ करायची वेळच आली नसती.

खडू आणायला कधी एकजण जात नाही.

"बाई, ह्याला पण नेऊ?"

"कशाला?"

"अण्णा सही मागतात."

एका सहीला दोन माणसं का लागतात, हे अण्णांनाही ठाऊक नाही. ऑफिस आमच्या वर्गापासून हाकेच्या अंतरावर आहे. पण खडूचा मार्ग पाण्याची टाकी, 'आठवी ब'ची खिडकी, सायकल स्टँड आणि मैदानाची कड असा वळसा घेत जातो. तास निम्मा उलटल्यावर दोघं केस ओले करून परततात. मुठीत तीन खडू, तिन्ही गुलाबी.

"पांढरे संपले का?"

"तुम्ही पांढरे म्हणाला नव्हता, बाई. परत जाऊ?"

हे विचारेपर्यंत त्यांचा एक पाय उंबऱ्याबाहेर असतो.

आता कोणी म्हणेल, बाईंना हे कळत नाही का? न कळायला काय झालं! मी खडू आणायला वर्गातला सर्वांत गुणी मुलगा कधीच पाठवत नाही. ज्याच्यामुळे सदाशिवरावभाऊ आणि अब्दाली दोघांनाही नीट लढता येत नाही, त्याची निवड करते. तो निम्मा तास मोकळ्या हवेत हिंडतो, तेवढ्या वेळात माझं पानिपत उरकतं. दोन्ही पक्षांना मान्य असलेला, कुठेही सही नसलेला असा हा तह आहे. तो मोडायला नको म्हणून माझ्या पर्समध्ये पांढऱ्या खडूंची एक पेटी कायम असते आणि ती मी कधी बाहेर काढत नाही.

खडू खात्यानंतर गृहखातं, म्हणजे मॉनिटर. कागदोपत्री तो 'वर्गप्रतिनिधी', शाळेच्या घटनेत 'वर्गमंत्री', प्रत्यक्षात मॉनिटर. ऑफ तासाला वर्ग शांत ठेवणं हे त्याचं काम आणि फळा हे त्याचं पोलीस ठाणं. या फळ्याची जवळून पाहणी करण्यासारखी असते. डाव्या कोपऱ्यात 'बोलणारे' असा मथळा, खाली दुहेरी रेघ. नाव न लिहिता हजेरी क्रमांक लिहायचा, म्हणजे गोपनीयता राहते. पुन्हा बोलला की क्रमांकापुढे एक फुली. फुल्या पाच झाल्या की गुन्हेगाराची बढती 'जास्त बोलणारे' या रकान्यात. हुशार मॉनिटर एवढ्यावर थांबत नाही. 'हसणारे', 'मागे बघणारे', 'उगाच खोकणारे' अशी कलमं तो वाढवत नेतो. मी एकदा फळ्यावर 'बोलायच्या बेतात असलेले' असंही एक कलम वाचलं आहे. त्यात सात क्रमांक होते, आणि संशय सातही जणांच्या बाबतीत खरा होता.

फळा आला की अपील आलं. "बाई, मी फक्त पट्टी मागितली." "बाई, ह्याने माझ्या फुल्या मला न सांगता वाढवल्या." "बाई, हा स्वतः किती बोलतो, त्याचं नाव कोण लिहिणार?" हा शेवटचा प्रश्न लोकशाहीत मोठमोठ्यांना सुटलेला नाही, तो ऑफ तासात मी कुठून सोडवू? शिवाय फळ्यावरचा क्रमांक पुसण्याचे दरही असतात. हंगामात दोन पेरूच्या फोडी, एरवी वडापावचा घास. बाई येण्याच्या बेतात असतील तर दर चढतो. एखाद्या मुलाने आधीच पेरू दिला असेल, तर त्याचा क्रमांक मुळात चढतच नाही. त्याला आगाऊ जामीन म्हणतात.

मॉनिटर कोणाला नेमायचं याबद्दल शिक्षकांत दोन पंथ आहेत. पहिला पंथ हुशार आणि शिस्तीच्या मुलाला नेमतो. तो बिचारा "शांत बसा, शांत बसा" असं इतक्या शांतपणे सांगतो, की ते कोणाला ऐकूच जात नाही. दुसरा पंथ चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणाऱ्यांचा. मी या पंथातली. वर्गातला सर्वांत दंगेखोर मुलगा मॉनिटर झाला की एका रात्रीत फौजदार होतो. दंगा कुठून सुरू होतो, शिट्टी कोणाच्या खिशात असते, कागदी विमानाचा कारखाना कुठल्या बाकाखाली आहे, सगळं त्याला पाठ. बऱ्याच गोष्टींचा संस्थापक तोच असतो. तो शिस्त लावतो ती आपण केलेला कोणताही उपद्व्याप दुसऱ्याने करू नये म्हणून. अशी माणसं पुढे राजकारणातही दिसतात, पण तो विषय नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नाही.

तिसरं खातं गृहपाठाच्या वह्यांचं. आमच्याकडे ते मुलींनी चालवलेलं आहे. गठ्ठा हनुवटीपर्यंत, वरची वही हनुवटीने दाबलेली, आणि मागून एक मैत्रीण पडलेल्या वह्या उचलायला. दिसायला हे हमालीचं काम; खरं म्हणजे हे हेर खातं आहे. कारण गठ्ठा जिथे ठेवायचा ती स्टाफरूम, आणि स्टाफरूममध्ये शिरायचा याखेरीज दुसरा परवाना नाही. वह्या टेबलावर ठेवून, कडा जुळवून, पुन्हा जुळवून बाहेर पडेपर्यंत त्या मुलींना जे कळतं, ते मला तिथे बसून कळत नाही. गणिताचे सर आणि भूगोलाच्या बाई सध्या बोलत नाहीत. चाचणी सोमवारऐवजी गुरुवारी गेली. पर्यवेक्षकांच्या डब्यात आज पुन्हा पडवळ. मागच्या महिन्यात एकीने मला जिन्यात गाठून विचारलं, "बाई, तुमच्या रजेत आम्हाला कोण शिकवणार?" रजेचा अर्ज मी सकाळी दिला होता. मंजूर झाल्याचं मला संध्याकाळी कळलं, मुख्याध्यापकांकडून.

या प्रथेला वंशावळही मोठी आहे. महाभारताच्या आदिपर्वात धौम्य ऋषींनी आरुणी नावाच्या शिष्याला शेताचा फुटलेला बांध घालायला पाठवलं. बांध बसेना, तेव्हा तो स्वतःच त्या भगदाडात आडवा पडला आणि गुरू शोधत येईपर्यंत तसाच पडून राहिला. पिढ्यान्‌पिढ्या ही गोष्ट गुरुभक्तीची म्हणून सांगितली जाते. आमच्या वर्गाने मात्र पहिला प्रश्न विचारला, "बाई, तेवढ्या वेळात वर्गात काय शिकवलं?" ते महाभारतात दिलेलं नाही. पण आरुणीचा तास बुडाला, हे मुलांनी अचूक हेरलं.

पुढे पंतोजींच्या शाळेत थोरल्याने धाकट्याला धुळाक्षरं गिरवायला लावायची, पाढ्यांची उजळणी घ्यायची, तोवर पंतोजी डुलकी घ्यायचे. ही देशी रीत इंग्रजांना एवढी पसंत पडली, की त्यांनी तिचं शास्त्र केलं. अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासला सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा सांभाळत होते. मलबारी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं काढताना त्यांनी पाहिली आणि आपल्या शिक्षकांना तसं शिकवायला सांगितलं. शिक्षकांनी ते होण्यासारखं नाही म्हणून हात झटकले. यावरून ते हाडाचे शिक्षक होते हे दिसतंच. बेलसाहेबांनी मग एका आठेक वर्षांच्या पोरालाच खालच्या वर्गावर नेमलं. त्याने ते करून दाखवलं. १७९७ साली साहेबांनी लंडनला यावर पुस्तिका छापली आणि 'मद्रास पद्धती'चा डंका वाजला.

तिकडे लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरनेही असाच घाट घातला. एक शिक्षक, काहीशे मुलं, आणि मधे मॉनिटरांची उतरंड. पाट्यांचा मॉनिटर वेगळा, गैरहजरांची चौकशी करणारा वेगळा, आणि या सगळ्यांवर मॉनिटर जनरल. छडी त्याला नापसंत होती, म्हणून तो दंगेखोर पोराला टोपलीत घालून छताला टांगायचा. मग ही युक्ती मुळात कोणाची यावरून बेल आणि लँकेस्टर यांच्या पाठीराख्यांत वर्षानुवर्षं जुंपली. एकामागे इंग्लंडचं अधिकृत चर्च, दुसऱ्यामागे त्या चर्चबाहेरची मंडळी. १८३२ साली बेल वारले, तेव्हा त्यांना वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा मिळाली. ज्या पोराने प्रत्यक्षात शिकवलं, त्याचं स्मारक कुठे आहे असं विचारायची आपल्या धंद्यात पद्धत नाही.

आपल्याकडे मॉनिटरांचा मानाचा दिवस म्हणजे ५ सप्टेंबर. १९६२ पासून राधाकृष्णन यांचा वाढदिवस शिक्षकदिन झाला आणि त्या दिवशी दहावीच्या मुलांनी शाळा चालवायची, असा बऱ्याच शाळांत रिवाज पडला. आठ दिवस आधीपासून पदवाटप चालतं. मुख्याध्यापक व्हायला फारसं कोणी तयार नसतं, कारण भाषण करावं लागतं. खरी चुरस शिपाईपदासाठी. घंटा त्याच्या हातात असते आणि दिवसभर तो कुठल्याही वर्गात न बसता कुठेही जाऊ शकतो. थोडक्यात, खडू आणण्याच्या कलेतलं ते सर्वोच्च पद.

त्या दिवशी आम्ही खरे शिक्षक मागच्या बाकावर. माझी भूमिका करणारी मुलगी आईची साडी सांभाळत, चष्मा नाकावर उतरवून आली. हाताची घडी घातली आणि म्हणाली, "होऊ दे तुमचं. मी थांबते. मला काही घाई नाही." वर्ग माझ्याकडे वळून हसला. मी असं म्हणते हे मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या भूगोलाच्या बाई म्हणाल्या, रोज म्हणता. तिसऱ्या तासापर्यंत सगळ्या एकदिवसीय शिक्षकांचे घसे बसलेले होते. चौथ्या तासाला त्यांच्यातल्या एका सरांनी 'आठवी ब'मधल्या पोराला खडू आणायला पिटाळलं. पोराने विचारलं, "सर, ह्याला पण नेऊ?" सर क्षणभर गप्प झाले. मग अत्यंत कोरड्या आवाजात म्हणाले, "कशाला? अण्णा सही मागत नाहीत." घरातलाच माणूस पोलिसात भरती झाला की असं होतं.

अलीकडे एक नवीन खातं उघडलं आहे, तंत्रज्ञानाचं. शाळेला देणगीत एक मोठा डिजिटल फळा मिळाला. त्याच्या उद्घाटनाला आमदार आले, तो चालू करायला नववीतला शेवटच्या बाकावरचा मुलगा आला. तेव्हापासून त्याच्याशिवाय तो फळा कोणाचं ऐकत नाही. "बाई, केबल काढा. फुंकर मारा. आता लावा." एवढ्यावर बीएड, एमएड झालेल्या आम्ही हात जोडून उभ्या. शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम सांगतं, की जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामं लावू नयेत. पण 'हात धुवा दिना'चा फोटो अमुक आकारात, तमुक लिंकवर, आजच पाचच्या आत चढवणं हे शैक्षणिकच समजलं जातं. फोटोचा आकार लहान कसा करायचा हे विचारायला मला भर तासाला नववीच्या वर्गातून त्या मुलाला बोलवावं लागतं. तो येतो, करून देतो, आणि जाताना म्हणतो, "बाई, परत लागलं तर बोलवा. आत्ता विज्ञान चालू आहे." 'विज्ञान चालू आहे' हे त्याने ज्या आशेने सांगितलेलं असतं, ते ऐकून मी एकाऐवजी तीन फोटो काढते.

परवा अमेरिकेत स्थायिक झालेली एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली. हायस्कूलमधला तिचा मुलगा रोज एक तास शिक्षकांचा मदतनीस असतो. प्रती काढणं, कागद लावणं, निरोप नेणं. तिकडच्या अनेक हायस्कुलांत हा वेळापत्रकातला रीतसर ऐच्छिक विषय आहे आणि त्याचं श्रेयही पदरात पडतं. "आणि बाई," ती म्हणाली, "तुम्ही आम्हाला हे फुकट करायला लावलंत!" तिच्या आवाजात मागील थकबाकीची मागणी स्पष्ट ऐकू आली. मी विषय चहाकडे वळवला.

पण तिकडेही सगळं आलबेल नाही. "वह्या बदला आणि एकमेकांच्या तपासा" हा आपला पिढीजात उपाय तिकडेही चालतो. ओक्लाहोमा राज्यातल्या ओवासो गावात एका आईने त्यावर खटला भरला: माझ्या मुलांचे गुण इतर मुलांना कळतात, हा खासगीपणावर घाला आहे. खालून वर चढत प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००२ साली नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने निकाल दिला, की शेजाऱ्याने वही तपासली म्हणून विद्यार्थ्यांच्या खासगीपणाच्या कायद्याचा भंग होत नाही. "बाई, ह्याने माझ्या वेलांटीचा अर्धा मार्क कापला" हे प्रकरण मी चालता चालता निकालात काढते. तेही दिवसातून अनेकदा, आणि माझ्या निकालाची कोणी पुस्तकं छापत नाही.

स्टाफरूममध्ये मदतनिसांच्या त्या अमेरिकी श्रेयावरून चर्चा पेटली. आपल्या बोर्डात खेळाचे, चित्रकलेचे, लोककलेचे वाढीव गुण मिळतात. मग मदतनिसांनाही का मिळू नयेत? कल्पना ऐकायला गोड आहे. मी पुढचं चित्र पाहिलं. आधी शासन निर्णय निघेल, मग त्याचं शुद्धिपत्रक. गठ्ठा वाहण्याला पाच गुण, त्यातला एक कडा जुळवण्याला. जूनमध्ये चौकाचौकांत फ्लेक्स: 'डस्टर झटकण्यात पैकीच्या पैकी!', खाली पासपोर्ट फोटोंच्या चार रांगा. आठवीपासून 'खडू फाउंडेशन बॅच', सकाळी सहा ते आठ. बाजारात अपेक्षित प्रश्नसंच: 'ऑफिसकडे जाण्याचा मार्ग आकृतीसह स्पष्ट करा.' मग पालक छायाप्रत मागायला येणार: "मुलाने गठ्ठा दोन्ही हातांनी नेला होता, तरी अर्धा गुण का गेला?" आणि खडू आणायचा सराव क्लासमध्ये इतका झालेला असेल, की शाळेत मी विचारल्यावर एकही हात वर येणार नाही. सगळ्या माना वह्यांत. गुण मिळतात म्हटल्यावर ती गोष्ट अभ्यास होते, आणि अभ्यासाला हात कोण वर करतं? मी ठरावाच्या विरोधात मत दिलं.

यंदाचे दहावीचे निकाल लागले आणि शाळा सोडल्याचे दाखले लिहिण्याची घाई सुरू झाली. अण्णा एकटे, दाखले ढीगभर. शिक्के मारायला अर्थातच बाहेर पडणारीच पोरं बसली होती. माझा जुना मॉनिटर, 'बोलायच्या बेतात असलेले' या कलमाचा जनक, स्वतःच्या दाखल्यापाशी थांबला. 'वर्तणूक: चांगली' हे वाचून त्याने अण्णांकडे संशयाने पाहिलं, मग शिक्का मारला.

मी म्हटलं, "कॉलेजातही वर्गप्रतिनिधी हो बरं का. तुझा हात बसलेला आहे."

"कशाला बाई?" तो म्हणाला. "तिथे वर्गाबाहेर पडायला खडू लागत नाही म्हणे."